बाथरूममधला गिझर आणि लेस्टरचा कायदा

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील काढून सारांश देते.

नाशकात पाथर्डी फाट्याजवळ दोन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्या राहतात. घरात नवरा, सासूबाई आणि अकरा वर्षांची मुलगी. नवरा अंबडला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. गॅस गिझर बाथरूमच्या आतच बसवलेला आहे. डिसेंबरच्या शेवटी, कडाक्याच्या थंडीत, एका सकाळी मुलगी अंघोळीला गेली ती बाहेरच येईना. हाका मारल्यावर कशीबशी कडी काढली आणि दारातच मटकन बसली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. तासाभरानं बरं वाटलं. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी कढत पाण्यानं अंघोळ केली, चक्कर आली असेल. घरमालक खालच्याच मजल्यावर राहतात, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांचं म्हणणं, "आठ वर्षं चालतोय. गॅसचा वास आला का कधी?" इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणारी बहीण मात्र सांगते की तिकडे घरमालकाला कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म लावावाच लागतो, नाहीतर दंड होतो. मार्चमध्ये अकरा महिन्यांचा करार संपतोय. मुलीची शाळा जवळ आहे, भाडं परवडतंय, आणि नवऱ्याला हा सगळा उगाच केलेला बाऊ वाटतो. त्या विचारतात: काकांना कायद्यानं अलार्म लावायला भाग पाडता येईल का? की आपणच ऑनलाइन मागवून गुपचूप लावावा आणि विषय संपवावा?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी एक काम. उद्या सकाळी बाथरूमचं दार सताड उघडं ठेवून गिझर लावा, बादली भरून घ्या, गिझर बंद करा, पाच-दहा मिनिटं दार-खिडकी उघडी राहू द्या आणि मग अंघोळीला जा. शॉवर सध्या बंद. गिझर पेटलेला असताना दार लावून आत कुणीही थांबायचं नाही, शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असली तरी. आणि सासूबाईंनी गार वारा येतो म्हणून खिडकीच्या पट्ट्यांमध्ये खोचलेला तो पुठ्ठा. तुम्ही त्याचा उल्लेख पत्रात कंसात केलाय, जाता जाता. मला ती अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली. तो आजच काढा.

आता कायदा. नाही, आपल्याकडे भाड्याच्या घरात असा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक करणारा कायदा नाही. त्यामुळे काकांना त्या वाटेनं भाग पाडता येणार नाही. बहीण सांगते ते खरंच आहे. इंग्लंडमध्ये २०१५ साली घरमालकांसाठी हा नियम आला, तेव्हा तो कोळसा-लाकूड जाळणाऱ्या खोल्यांपुरता होता. १ ऑक्टोबर २०२२ पासून स्वयंपाकाची गॅस शेगडी सोडून ज्वलनावर चालणारं कुठलंही पक्कं बसवलेलं उपकरण ज्या खोलीत असेल, तिथे अलार्म लागतो. तो बिघडल्याचं भाडेकरूनं कळवलं तर दुरुस्त करून किंवा बदलून देणं घरमालकाचं काम. टाळाटाळ केली तर ५,००० पौंडांपर्यंत दंड.

पण बहिणीनं तुम्हाला या गोष्टीचा शेवट तेवढा सांगितला. सुरुवात त्याआधीची आहे. तिथल्या १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार न्हाणीघरात गॅसचं उपकरण बसवायचं असेल तर ते 'रूम सील्ड'च हवं. म्हणजे ज्योतीला लागणारी हवा नळीनं बाहेरून यायची आणि जळालेला वायू नळीनं बाहेर जायचा; खोलीतल्या हवेशी त्याचा संबंधच नाही. शिवाय भाड्यानं दिलेल्या घरातल्या गॅसच्या उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी. या दोन गोष्टी झाल्यावर, त्यातूनही काही निसटलंच तर म्हणून, अलार्म. तुमचा गिझर जसाच्या तसा उचलून लेस्टरच्या बाथरूममध्ये टांगला तर शेजारी चार अलार्म लावले तरी टांगणारा कायद्यात अडकेल.

म्हणून तुमच्या पत्रातलं एक गृहीतक मला आधी हलवायचंय. अलार्म लावला की बाथरूम सुरक्षित झालं, असं तुम्ही धरून चालला आहात.

थोडा हिशेब मांडते, कंटाळू नका. तुमचं बाथरूम चार बाय सहा फुटांचं आणि आठ फूट उंच धरू. आत हवा १९२ घनफूट. सहा लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो, म्हणजे पंधरा मिनिटांच्या अंघोळीत त्याला शंभरेक घनफूट हवा लागते. बंद दाराआड निम्मी हवा त्यानंच ओढली. ती ओढून पुन्हा त्याच खोलीत सोडली, प्राणवायू काढून घेऊन. मग तीच उष्टी हवा ज्योतीला परत मिळते. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जितका वेळ जाईल तितका जास्त. वाफेनं भरलेल्या त्या चौकोनात तुमची लेक केस धूत उभी आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलीला केस धुवायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता अलार्मचं बघा. तो एखाद्या क्षणाच्या आकड्यावर वाजत नाही, आकडा आणि वेळ दोन्ही मोजतो. युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेला अलार्म हवेत दहा लाख भागांत ५० भाग वायू असेल तर तास-दीड तासानं वाजतो, १०० भाग असेल तर दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० भाग असेल तर तीन मिनिटांच्या आत. हे बरोबरच आहे, नाहीतर तो दिवसभर कोकलत बसेल आणि तुम्ही सेल काढून ठेवाल. पण तो लावणार कुठे? बाथरूमच्या आत वाफेनं त्याचा सेन्सर बिघडतो, तिथे लावू नका असं बनवणारेच सांगतात. बाहेर पॅसेजमध्ये लावला तर बंद दाराआडची हवा त्याच्यापर्यंत पोहोचेतो आतल्या माणसाचे पाय गेलेले असतात. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पायांतली ताकद जाते, आणि काहीतरी चुकतंय हे कळूनही हात कडीपर्यंत जात नाही. तुमच्या मुलीचा गेला. त्या सकाळी तिचं नशीब आणि तुमच्या हाका, दोन्ही कामाला आले.

तिला हाच त्रास झाला होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, डॉक्टरांचं म्हणणंही बरोबर असू शकतं. पण डोकेदुखी, मळमळ, अशक्त वाटणं, आणि बाहेरच्या हवेत आल्यावर उतार पडणं, हे सगळं चित्र गॅस गिझरशी इतकं जुळतं की डॉक्टरांना 'गिझर आत आहे आणि चालू होता' हे सांगितलं होतं का, असं विचारावंसं वाटतं. सांगितलं नसेल तर पुढच्या भेटीत सांगा. आता रक्त तपासून काही कळणार नाही. साध्या हवेत चार-पाच तासांत या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. पुन्हा कधी असं झालं, तुम्हाला, सासूबाईंना, कुणालाही, तर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात दवाखाना गाठून गिझरचं नाव घ्या आणि कार्बॉक्सीहिमोग्लोबिनच्या, म्हणजे या वायूनं व्यापलेल्या हिमोग्लोबिनच्या, तपासणीबद्दल विचारा. घरी कोरोनापासून पडलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून ९८ आले म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या यंत्राला या वायूनं व्यापलेलं रक्त आणि प्राणवायूनं भरलेलं रक्त यांत फरक कळत नाही, माणूस गुदमरत असतानाही ते छान आकडा दाखवतं.

काकांच्या दोन वाक्यांकडे वळू. "गॅसचा वास आला का?" सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचा दर्प मिसळतात. पण गॅस जळला की तो दर्पही जळतो. मागे उरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्यामुळे वास न येणं ही गळती नसल्याची खूण झाली, हवा चांगली असल्याची नव्हे. आणि "आठ वर्षं चालतोय" याचं उत्तर पुठ्ठ्यात आहे. आठ वर्षं ती खिडकी उघडी होती. काकांच्या घरी बहुधा अजून आहे. शिवाय आठ वर्षांत बर्नरवर काजळी धरते, जाळ्या बुजतात. ज्योत निळी न दिसता पिवळी, आळसटलेली दिसली किंवा वर काळं आलं असेल तर ती मोठी खूण. पण ज्योत निळी आहे म्हणून हवा खेळती असायची गरज संपत नाही, हेही लक्षात असू द्या.

हे मी उंचावरून बोलत नाहीये. आमच्या आधीच्या घरी प्लंबरनं विचारलं, "ताई, कुठं लावू?" आणि मी बाथरूमच्या आतच बोट दाखवलं, पाइप कमी लागेल म्हणून. तीन हिवाळे तो तसाच होता. माझ्या आजीचा तांब्याचा बंब परसात असायचा. तिथून बादल्या उचलून आणाव्या लागायच्या म्हणून आम्ही कुरकुरायचो. बंब घराबाहेर का, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. धूर दिसायचा, डोळे झोंबायचे, म्हणून तो बाहेर. आमचा गिझर धूर दाखवत नव्हता, म्हणून आम्ही त्याला आत घेतलं.

तेव्हा काकांकडे मागायचं ते अलार्म नव्हे. गिझर बाहेर काढून मागा. बहुतेक फ्लॅटना वॉशिंग मशीनची ड्राय बाल्कनी असते, तिथे गिझर लावून गरम पाण्याची लाइन बाथरूममध्ये आणणं हे प्लंबरचं दिवसभराचं काम. पण बाल्कनी खरोखर उघडी हवी. नाशकात निम्म्या बाल्कन्या कबुतरांपायी आणि धुळीपायी स्लायडिंगच्या काचांनी बंद केलेल्या असतात. तशी असेल तर तुम्ही बाथरूमचा धोका दोन फूट सरकवला इतकंच. गिझरचं तोंड बेडरूमच्या खिडकीखाली येणार नाही हेही बघा. दुसरा मार्ग विजेचा गिझर. १५ लिटरचा साधारण दोन किलोवॉट घेतो, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि धड अर्थिंग लागतं, एवढं इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. इमारतीच्या गच्चीवर सोलर असेल आणि तुमची लाइन नुसतीच बंद पडलेली असेल, तर मग प्रश्नच मिटला; असं निघाल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. एक्झॉस्ट पंखा लावून भागवू असं काका म्हणतील. पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत यायला खाली दाराला फट किंवा जाळी नसेल तर तो फेकणार काय? आणि एखाद्या दिवशी पंखा लावायचा राहिला की झालंच.

काकांशी बोलायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न असावा, कायदा हे निमित्त. मार्च जवळ आलाय, म्हणून तुम्ही दबून आहात. मला उलट वाटतं. मार्च जवळ आलाय म्हणूनच आत्ता बोला, कारण नवा करार लिहिला जाणार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्यात एक ओळ घालायला काहीच हरकत नसते: गॅसचं उपकरण बाथरूमच्या बाहेर राहील, त्याची वर्षातून एकदा सर्व्हिसिंग होईल, खर्च अमक्याचा. लेस्टरकडून घ्यायचं ते हे. कुणी काय करायचं ते आधी लिहून ठेवणं.

याच कायद्यात कलम १४ आहे, घर राहण्याजोगं ठेवणं घरमालकाचं कर्तव्य म्हणणारं. घरमालकानं ऐकलं नाही तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करू शकतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना ते ठाऊक असायला हवं. पण तुमचा करार अकरा महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्सचा. कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाही, लायसेन्सी, म्हणजे मालकाच्या परवानगीनं राहणारे. या कलमाच्या भरवशावर भाड्यातून पैसे कापायला जाऊ नका. तुमची ताकद कलमात नाही, ती वेळेवर भाडं देणारं, भिंतीला खिळे न ठोकणारं कुटुंब असण्यात आहे. काकांना असं कुटुंब सहज मिळत नाही, हे तेही जाणून असतील.

आणि काकांना शत्रू समजू नका. त्यांच्याही बाथरूममध्ये असाच गिझर आहे. जमलं तर बोलणी त्यांच्याशी नव्हे, काकूंशी सुरू करा. मुलीचं काय झालं ते काकूंना सांगा, आकडे नकोत. अर्धा खर्च उचलायची तयारी आधीच दाखवा. आठ हजार वाचवायला निघून माणूस गमावण्यापेक्षा चार हजार घालवणं केव्हाही स्वस्त. हेच वाक्य मिस्टरांनाही लागू. त्यांना पटवायचं असेल तर वाद घालू नका. रविवारी ते घरी असताना दार उघडं ठेवून गिझर लावा, ज्योतीचा रंग दाखवा आणि बाथरूमची लांबी-रुंदी त्यांच्याच टेपनं मोजायला लावा. कारखान्यात बंद टाकीत उतरायचं झालं तर आधी हवा तपासतात, हे त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

एवढं करूनही काका हलले नाहीत तर? तर गॅस गिझर काढून ठेवायची परवानगी मागा आणि स्वतःचा विजेचा लावा, घर सोडताना बरोबर न्या. घर बदलणं हा शेवटचा पर्याय, पण पर्याय आहे. शाळा जवळ असणं हे त्याविरुद्धचं मला पुरेसं कारण वाटत नाही.

अलार्म घेऊच नका, असं मात्र मी म्हणत नाही. गिझर बाहेर गेल्यावर जरूर घ्या. घेताना बघा: बाजारात 'गॅस डिटेक्टर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक गळतीचं असतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून ते जमिनीलगत लावतात. पाइपचा गॅस हलका, म्हणून छताजवळ. यातलं कुठलंही कार्बन मोनॉक्साइड ओळखेल असं नाही. खोक्यावर कार्बन मोनॉक्साइड किंवा सीओ असं स्पष्ट लिहिलेलं आणि ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ मानकाचं हवं. तो झोपायच्या खोलीत किंवा तिच्या दाराबाहेर, डोक्याच्या उंचीला, पडद्यामागे किंवा खिडकीच्या तोंडाशी नाही असा लावा. महिन्याला बटण दाबून बघा, आणि मागे छापलेली बदलण्याची तारीख कॅलेंडरवर उतरवा. सेन्सरचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं, नंतर तो नुसता भिंतीवरचा डबा.

ज्यांच्याकडे गिझर नाही त्यांनी हे पान उलटू नये. निफाड-नाशिककडच्या थंडीत बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारं-खिडक्या बंद करतात, सातपूर-अंबडच्या खोल्यांत पाच-सहा मुलं कोळशाची शेगडी मध्ये घेऊन झोपतात. धूर संपला, निखारे लाल झाले, आता धोका नाही, असं वाटतं. उलट आहे, धुमसणारा कोळसा हा वायू भरपूर सोडतो. शेक द्यायचा तर जागेपणी, खिडकी उघडी ठेवून, आणि झोपायच्या आधी शेगडी उचलून बाहेर. बाळ-बाळंतिणीसाठी तर गरम पाण्याची पिशवीच बरी.

आणि कधी आत कुणी पडलेलं दिसलं तर स्वतः आत वाकून बसू नका. दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि येणाऱ्यांना 'गॅस गिझर' हे दोन शब्द सांगा, म्हणजे ते लगेच प्राणवायू लावतील. मुलीच्या बाथरूमची आतली कडी सध्या काढून टाका, दाराला रुमाल बांधायची खूण ठरवा. ती चिडेल, चिडू द्या.

काकांना पाठवायचा निरोप लिहून देते, तुमच्या शब्दांत बदला: "काका, नमस्कार. गेल्या महिन्यात मुलगी बाथरूममध्ये गिझर चालू असताना चक्कर येऊन बसली, तुम्हाला माहीतच आहे. गिझर ड्राय बाल्कनीत हलवायचा आहे. प्लंबरला रविवारी बोलावते, खर्च निम्मा आम्ही देतो. तुमचाही गिझर तो त्याच वेळी बघून घेईल. चहाला येते, तेव्हा बोलू." व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारखेसकट लिखित राहील. आणि चहाला खरंच जा.